विश्लेषण : खोटा कॉल, खरे पोलीस आणि तिसऱ्याचेच घर

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. मुंबईहून निघालेला एक प्रवासी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात थांबला. पाण्याच्या बाटलीला जास्त पैसे लावले म्हणून त्याचे हॉटेलवाल्याशी वाजले. प्रवासी दारूच्या नशेत होता. त्याने पोलीस नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि सांगितले, की मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना ठार मारण्याचा कट इथे रचला जातो आहे. असा निरोप आल्यावर कोणतेही पोलीस दल बसून राहू शकत नाही. धावाधाव झाली, तपास झाला, फोन करणारा सापडला आणि त्याला अटकही झाली. चौकशीतून निघाले ते एवढेच : हॉटेलवाल्याला अद्दल घडवायची होती.

हसू येण्यासारखी बातमी होती. त्यातला मुख्यमंत्र्यांचा उल्लेख बाजूला काढला, तर उरते ते मात्र हसण्यासारखे नाही. भांडण दोघांचे होते. त्यातल्या एकाने तिसऱ्याला, म्हणजे पोलिसांना, काठीसारखे वापरले. पोलिसांना ना बाटलीचा भाव ठाऊक होता, ना भांडण. त्यांना एवढेच ठाऊक होते, की अमुक ठिकाणी जीवघेणा कट शिजतो आहे.

या प्रकाराला अमेरिकेत ‘स्वॅटिंग’ असे नाव पडले आहे. तिथल्या पोलिसांच्या शस्त्रसज्ज पथकाला ‘स्पेशल वेपन्स अँड टॅक्टिक्स’, थोडक्यात ‘स्वॅट’ म्हणतात. खोटा फोन करून हे पथक एखाद्याच्या घरावर धाडायचे, म्हणजे स्वॅटिंग. आपल्याकडे हा शब्द फारसा रुळलेला नाही. पण पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शिरूर आणि दौंड तालुक्यांत, या प्रकाराकडे अमेरिकेतली भानगड म्हणून पाहणे परवडणारे नाही.

विचिटामध्ये काय झाले?

२८ डिसेंबर २०१७. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात एक फोन आला. बोलणारा म्हणाला, मी वडिलांना गोळी घातली आहे, आई आणि भावंडाला बंदुकीच्या धाकावर ओलीस ठेवले आहे, घरात पेट्रोल ओतले आहे. त्याने पत्ता दिला. पोलिसांनी घराला वेढा घातला. बाहेर कसले दिवे चमकताहेत म्हणून २८ वर्षांचा एक तरुण दार उघडून बाहेर आला आणि रस्त्यापलीकडच्या एका पोलिसाची गोळी लागून मेला. घरात ना ओलीस होते, ना पेट्रोल.

फोन करणारा त्या शहरातच नव्हता. तो लॉस एंजेलिसमध्ये बसला होता. भांडण ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या ऑनलाइन खेळावरून, दीड डॉलरच्या पैजेवरून लागले होते, तेही दुसऱ्याच दोन खेळाडूंमध्ये. त्यांच्यातल्या एकाने स्वॅटिंगमध्ये नाव कमावलेल्या या तिसऱ्या माणसाला कामाला लावले. दुसऱ्याने ‘हिंमत असेल तर पाठव पोलीस’ म्हणत आपला जुना पत्ता देऊन टाकला. त्या जुन्या पत्त्यावर आता जे कुटुंब राहत होते, त्याचा या खेळाशी, पैजेशी, भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता.

फोन करणाऱ्याला मार्च २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला भरला गेला नाही. आपल्यासाठी मात्र या प्रकरणातला दुसराच एक तपशील मोलाचा आहे. फोनवर सांगितलेल्या घराचे वर्णन आणि समोर उभे असलेले घर यांत मजल्यांचाच मेळ बसत नव्हता. फोन आणि गोळी यांच्यामध्ये थबकण्याची एक जागा होती. तिथे कोणी थबकले नाही.

पुढे याचा धंदाही झाला. कॅलिफोर्नियातल्या एका मुलाने किशोरवयातच देशभर ३७५ हून अधिक खोटे कॉल केले. त्याने चक्क दरपत्रक लावले होते : मोठा पोलीस ताफा पाठवायचा तर ५० डॉलर, बॉम्बची धमकी हवी तर ७५ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या एफबीआयला अशा कॉलची माहिती राज्याराज्यांतून एकत्र करण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर वेगळी व्यवस्था उभारावी लागली.

आपल्याकडची तऱ्हा : सूड उगवण्यासाठी दुसऱ्याचे नाव

भारतात खोट्या कॉलची चर्चा झाली ती मुख्यतः विमानांमुळे. २०२४ मध्ये १४ नोव्हेंबरपर्यंत विमान कंपन्या आणि विमानतळांना बॉम्बच्या ९९९ खोट्या धमक्या आल्या, असे नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी संसदेत सांगितले. त्यातल्या पाचशेहून अधिक धमक्या ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या होत्या. गुन्हे २५६ दाखल झाले आणि तोवर अटक झाली १२ जणांना. या आकड्यांत विमाने दिसतात, त्यांच्याआडची भांडणे दिसत नाहीत.

त्याच ऑक्टोबरात मुंबई पोलीस तपास करत छत्तीसगडमधल्या राजनांदगावला पोहोचले. धमक्या टाकणारा निघाला १७ वर्षांचा मुलगा. ज्याच्याशी त्याचा पैशांवरून वाद होता, त्या मित्राच्या नावाने त्याने खाते उघडले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये, अनंत चतुर्दशीच्या तोंडावर, मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर संदेश आला, की ३४ गाड्यांत मानवी बॉम्ब आणि ४०० किलो आरडीएक्स आहे. विसर्जनाच्या गर्दीत असा संदेश म्हणजे पोलिसांच्या पायाखालची जमीन सरकावी असाच. नोएडामधून पकडलेला हा माणूस पन्नाशीचा, ज्योतिष सांगणारा. जुन्या मित्राने केलेल्या तक्रारीमुळे त्याला तुरुंगात जावे लागले होते, म्हणून त्याने धमकी पाठवली ती मित्राच्या नावाने.

तिसरे प्रकरण आमच्या व्यवसायबंधूंचे, म्हणजे इंजिनिअर मंडळींचे. जून २०२५ मध्ये अहमदाबाद पोलिसांनी चेन्नईच्या एका महिला इंजिनिअरला अटक केली. एका सहकाऱ्याशी लग्न करण्याची तिची इच्छा होती, ते जमले नाही. मग त्याच्या नावाने खाती उघडून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बॉम्बच्या धमक्यांचे मेल गेले. तिने व्हीपीएन, डार्क वेब, आभासी क्रमांक असे सगळे काही वापरले होते. सापडली ती एका साध्या चुकीने : खरे खाते आणि बनावट खाते तिने एकाच यंत्रावरून उघडले.

सगळेच खोटे कॉल या जातीचे नसतात. मे २०२१ मध्ये मंत्रालयात बॉम्ब असल्याचा फोन आला होता, तो नागपूर जिल्ह्यातल्या एका माणसाचा होता. कोळसा खाणीसाठी जमीन गेली, मोबदल्याचा प्रश्न सुटेना, म्हणून त्याने केलेला तो फोन. पण राजनांदगाव, नोएडा, चेन्नई आणि लोणावळा या चार प्रकरणांचा गाभा एकच आहे. ज्याच्यावर राग आहे त्याच्या दारात पोलीस पाठवायचे आणि आपण नामानिराळे राहायचे.

शिरूर-दौंडमध्ये दार कोण ठोठावते?

अमेरिकेत खोट्या फोननंतर रायफली घेतलेले पथक येते. आपल्याकडे ११२ वर फोन केला, तर बहुतेक वेळा एक गाडी आणि दोन-तीन कर्मचारी येतात, लाठी आणि वायरलेस संच घेऊन. त्यामुळे ‘इथे कुठे गोळी चालणार’ असे वाटणे साहजिक आहे. ते अर्धेच खरे आहे.

एक तर इथे शस्त्रधारी पोलीस दूर नाहीत. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. जानेवारी २०१८ मध्ये याच शहरात राखीव दलातल्याच एका अधिकाऱ्याने गोळीबार करून तिघांचा जीव घेतला होता. ‘दौंडमध्ये कोणीतरी गोळ्या झाडतो आहे’ असा फोन त्या दिवशी खोटा नव्हता. पुढच्या वेळी तसाच फोन आला, तर पोलीस तो थट्टेवारी नेऊ शकणार नाहीत आणि त्यांनी नेऊही नये.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा दुसरा. शिरूर, शिकरापूर, रांजणगाव, दौंड, यवत या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत मोठी गावे कमी आणि वाड्या-वस्त्या फार. उसाच्या फडात एकटे घर, तिथवर जाणारा कच्चा रस्ता, मध्ये ओढा. रात्री दीड वाजता अशा घरात काही घडले, तर पहिला पोहोचतो तो शेजारी, मग भावकी, मग गाव. पोलीस त्यानंतर. म्हणून पुणे ग्रामीणमध्ये ग्रामसुरक्षा यंत्रणा रुजली. नोंदणी केलेल्या माणसाने १८००२७०३६०० या क्रमांकावर फोन करून निरोप दिला, की त्याच्याच आवाजात तो निरोप गावातल्या सगळ्या नोंदणीकृत मोबाइलवर वाजतो. चोर आले, आग लागली, मूल हरवले, बिबट्या दिसला, की मिनिटाभरात गाव जागे. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिची गरजही आहे.

पण याचा अर्थ असा, की आपल्याकडचे ‘स्वॅट’ पथक म्हणजे गावच. त्याच्याकडे रायफल नसते, काठ्या आणि बॅटऱ्या असतात. अंधार असतो, भीती असते आणि ‘थांबा’ म्हणणारा वरिष्ठ अधिकारी नसतो. खोटा निरोप तिथे पोहोचला, तर विचिटात जे घडले ते घडायला बंदूक लागत नाही.

हे भीती घालायला लिहिलेले नाही, महाराष्ट्राने ते पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तिथे तर पोलीस हजर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या रायबरेली जिल्ह्यात ‘ड्रोन उडवून चोऱ्या करणारी टोळी’ या अफवेच्या दिवसांत एका दलित माणसाला चोर समजून मारहाण झाली, त्यात तो गेला.

ड्रोनची अफवा शिरूर-दौंडकरांना नवी नाही. २०२४ च्या पावसाळ्यात रात्रीचे दिवे आकाशात दिसतात म्हणून या पट्ट्यातली गावे जागत होती, तरुणांच्या टोळ्या गस्त घालत होत्या. त्या काळात अनोळखी मोटारसायकलवाला गावात शिरला असता आणि कोणी खोडसाळपणे ‘हाच तो’ असा फोन फिरवला असता, तर काय झाले असते, याचा विचार तेव्हा गस्त घातलेल्यांनी एकदा करून पाहावा.

भीती जेव्हा खरी असते, तेव्हा खोट्याला सगळ्यात जास्त जागा मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुले होती. संतापलेल्या लोकांनी वन विभागाची गाडी जाळली, महामार्ग अडवला. आणि त्याच दिवसांत पुण्यात काहींनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्याची छायाचित्रे ‘आमच्या सोसायटीत’ म्हणून फिरवली. वन विभागाला कारवाईचा इशारा द्यावा लागला. खऱ्या बिबट्यामागे फिरणाऱ्या माणसांचा वेळ अशा गमतीत गेला. हा वेळ कोणाच्या तरी अंगणातून काढून घेतलेला असतो.

यवतमध्ये १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून जमाव रस्त्यावर आला, घराची मोडतोड झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. तो प्रकार खोट्या कॉलचा नव्हता. पण एखाद्या घराच्या दिशेने माणसे निघायला किती कमी वेळ लागतो, हे त्यातून दिसले.

११२ ला काय दिसते आणि काय दिसत नाही?

महाराष्ट्रात ११२ ही एकत्रित सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. फोन तुमच्या पोलीस ठाण्यात जात नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात घेतला जातो. तिथला कर्मचारी माहिती टिपतो, ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या गाडीतल्या पडद्यावर काम उमटते. दौंडच्या माणसाने केलेला फोन घेणाऱ्याला दौंड ठाऊक असेलच असे नाही. पूर्वी ठाण्यातला अंमलदार आवाजावरूनच ओळखायचा, ‘हा पाटसचा तोच, दर अमावास्येला फोन करतो.’ ती ओळख नव्या पद्धतीत गेली. बदल्यात वेग आला, नोंद राहू लागली. सौदा वाईट नाही, पण गेलेल्या गोष्टीची भरपाई कशी करायची, हे ठरवावे लागेल.

‘लोकेशन तर दिसतेच की’ असे अनेकांना वाटते. मोबाइल टॉवरवरून मिळणारी जागा म्हणजे नकाशावर टोचलेली टाचणी नव्हे. टॉवरवरचे ॲन्टेना साधारणपणे तीन दिशांना तोंड करून असतात, प्रत्येकाकडे १२० अंशांचा भाग. म्हणजे जागा कळते ती कलिंगडाच्या फाकेसारखी. शहरात टॉवर जवळजवळ असल्याने फाक लहान असते, उसाच्या पट्ट्यात ती कित्येक किलोमीटर लांब असू शकते. फोनमधली जीपीएसची जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. शिवाय शिरूरला घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा, दौंडला भीमा ओलांडली की तोच. मोबाइलला नदी कळत नाही. अलीकडचा फोन पलीकडच्या टॉवरवर लागतो.

आणि इंटरनेटवरून केलेल्या कॉलला तर टॉवरच नसतो. परदेशातून लावलेला फोन ‘+९१’ ने सुरू होणारा भारतीय क्रमांक दाखवू शकतो. केंद्र सरकारने असे कॉल अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल बनावट म्हणून ओळखले गेले. पडद्यावर दिसणारा क्रमांक हा पुरावा नसतो, एवढे यावरून पुरेसे कळते.

कायदा काय म्हणतो? मिठाचे उदाहरण

गंमत अशी, की स्वॅटिंग हा शब्द नवा असला तरी गुन्हा आपल्या कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. भारतीय दंड संहितेचे कलम १८२, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २१७. कोणाला तरी त्रास व्हावा म्हणून सरकारी नोकराला खोटी माहिती देणे, हा तो गुन्हा. कलमाखाली दिलेले एक उदाहरण असे, की एखाद्याने खोटेच सांगितले, की अमक्याने चोरटे मीठ लपवले आहे. हेतू हा, की त्याच्या घराची झडती व्हावी. दुसरे उदाहरण आणखी जवळचे. कोणीतरी पोलिसाला खोटे सांगतो, की अमक्या गावाजवळ मला मारून लुटले. नाव कोणाचेच घेत नाही. पण पोलीस येतील, गावात झडत्या होतील, गावकऱ्यांना त्रास होईल, हे त्याला ठाऊक असते. मिठाच्या जागी आज आरडीएक्स घातले, की झाले.

शिक्षा मात्र मिठाच्या काळाला शोभेल अशीच राहिली. पूर्वी सहा महिने किंवा एक हजार रुपये दंड; १ जुलै २०२४ पासून एक वर्ष किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. आणि खरी मेख पुढे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ नुसार या गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती संबंधित सरकारी नोकराच्या लेखी तक्रारीवरूनच. म्हणजे पोलीस तुमच्या घरी आले, मुले घाबरली, शेजाऱ्यापाजाऱ्यांत शोभा झाली, तरी कायद्याच्या लेखी फसवणूक झाली ती पोलिसांची. तक्रार त्यांनी करायची. त्यांनी ‘जाऊ द्या, दारू प्यायला होता’ म्हणून कागद मिटवला, तर या कलमाखाली तुमच्या हातात फारसे काही उरत नाही. खोटा आरोप करून गुन्ह्यात गुंतवण्यासाठी कलम २४८ आहे, अफवा पसरवण्यासाठी ३५३ आहे, निनावी धमकीसाठी ३५१ आहे. त्यांत शिक्षा जास्त आहे. पण ज्याच्या घराचे दार ठोठावले गेले, त्याला केंद्रस्थानी ठेवणारे कलम नाही. दुरुस्ती करायची असेल तर ती इथे हवी. नुसती शिक्षा वाढवून दारू प्यायलेला माणूस फोन ठेवणार नाही.

मग फोनवर विश्वास ठेवायचा की नाही?

हा प्रश्नच चुकीचा आहे, असे आमचे मत. रात्री नवरा मारतो म्हणून बाथरूममध्ये दार लावून कुजबुजत ११२ ला फोन करणारी बाई घ्या. परत फोन केला, तर नवरा उचलून सांगेल, ‘चुकून लागला.’ खोट्या कॉलना कंटाळलेल्या यंत्रणेने तो शब्द मानला, तर खोट्या कॉलचा सगळ्यात मोठा बळी ती असेल. म्हणून गाडी निघालीच पाहिजे, प्रत्येक वेळी.

पण गाडी निघणे आणि दारात पोहोचणे यांत वेळ असतो. विचिटासारख्या शहरात तो फार थोडा होता. शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर पोहोचायला जो उशीर लागतो, त्याबद्दल आपण एरवी तक्रार करतो आणि ती रास्तही आहे. पण पडताळणीच्या बाबतीत तोच वेळ हाताशी येतो. गाडी रस्त्यात असताना नियंत्रण कक्षातून पोलीस पाटलाला एक फोन जाऊ शकतो : अमक्याच्या घरी काय चालले आहे, गडबड दिसते का, जवळ न जाता सांगा. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ सालचा आहे. गावातली खबर पोलिसांना देणे हे पोलीस पाटलाचे कामच आहे. जिथे पद रिकामे आहे, तिथे बीट अंमलदाराच्या ओळखीतले दोन क्रमांक तरी नोंदलेले असावेत. आज गाडी किती मिनिटांत पोहोचली हे मोजले जाते. वाटेत कोणी काही विचारले का, हेही मोजायला हवे, नाही तर ते कोणी करणार नाही.

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्यात आधीपासूनच आहे, फक्त पडद्यावर नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०१८ मध्ये एक नोंदवही सुरू केली. आपल्यावर असा खोटा कॉल होऊ शकतो अशी भीती असलेल्या माणसाने आपला पत्ता नोंदवायचा. त्या पत्त्याविषयी फोन आला, की कर्मचाऱ्याला ती नोंद दिसते. मदत थांबत नाही, दारात जाणारा पोलीस जरा सावध असतो. आपल्याकडे अशी नोंदवही नव्याने काढायची गरज नाही. बांधावरून, रस्त्यावरून, पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणांच्या अदखलपात्र नोंदी ठाण्यात पडून असतात. प्रतिबंधक कारवाईच्या नोटिसा असतात, पूर्वीचे कलम १०७, आताचे १२६. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी आसपासच्या जमिनीचे भाव चढले आणि भावकीतली भांडणेही. कोणत्या दोन घरांत वैर आहे, हे ठाण्याला ठाऊक असते; नवी मुंबईत फोन घेणाऱ्याला नसते. ही माहिती त्या पडद्यावर पोहोचवणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे, आणि फार अवघडही नाही. त्या नोंदीचा उपयोग ‘हा खोटाच असणार’ म्हणण्यासाठी होऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागेल. वैर असलेल्या घरांत खरी मारामारीही होतेच.

ग्रामसुरक्षा यंत्रणेची एक बाजू ११२ पेक्षा भक्कम आहे. तिथे फोन करणाऱ्याची नोंदणी असते आणि निरोप त्याच्या स्वतःच्या आवाजात जातो, त्यामुळे खोटे बोलणारा गावात लपत नाही. कमकुवत बाजू अशी, की निरोप ऐकला की शेकडो माणसे एकदम निघतात. त्यामुळे निरोपात काय सांगायचे, याचा सराव ग्रामसभेत व्हावा : कुठे जमायचे, कोणाला फोन करायचा, अनोळखी माणूस सापडला तर त्याला हात न लावता बसवून ठेवायचे. ‘चोर आले, धावा’ हा निरोप अपुरा आहे.

तुमच्याच दारात पोलीस आले तर?

दार उघडा, दिवे लावा, हात रिकामे दिसू द्या. कोयता, काठी, मोबाइल काहीही हातात घेऊन अंधारातून पुढे जाऊ नका. कोणत्या कॉलवरून आलात, ११२ वरची नोंद कितीची आहे, हे विचारा. झडती घ्यायची असेल, तर वॉरंटविना झडतीची कारणे कलम १८५ नुसार लिहून ठेवावी लागतात, आणि कलम १०५ नुसार झडतीचे चित्रीकरण व्हायला हवे. शांतपणे तेवढे सांगा, अडवू नका.

गाडी निघून गेल्यावर खरे काम सुरू होते, आणि बहुतेक लोक तेच सोडून देतात. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीत कॉल खोटा निघाल्याची नोंद झाली आहे का, ते पाहा. ठाणे अंमलदाराच्या नावे लेखी अर्ज द्या : अमुक वेळी, अमुक माहितीवरून पोलीस आमच्या घरी आले, माहिती खोटी होती, फोन करणाऱ्यावर कलम २१७ खाली तक्रार दाखल करावी. कोणावर संशय असेल तर त्याचे कारण लिहा. नुसते नाव लिहून मोकळे झालात, तर तुम्हीही त्याच्या दारात पोलीस पाठवत आहात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. कारवाई कळली नाही तर माहिती अधिकारात विचारा. त्याला ३० दिवसांची मुदत आहे.